अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या शॉर्ट ट्रेकमधली मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पची (एमबीसी) रात्र कापू नका

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीतल्या ट्रेकचं बुकिंग सुरू झालंय आणि आमच्याकडे सांगलीत व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक तरी पोस्टर फिरतंय, नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प, पोखरा ते पोखरा फक्त पाच दिवस, गाईड, राहणं, जेवण सगळं त्यात आलं, नवख्यांनाही सहज जमेल. आपल्या पुरवणीतही मध्यंतरी या ट्रेकवर लेख आला होता, फोटो फार सुंदर होते, खर्च किती, बॅगेत काय न्यायचं, कुठले बूट घ्यायचे सगळं होतं, पण कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं हे कुठेच नव्हतं. नेमकं तेच सगळ्यात आधी छापायला हवं असं मला वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण होईल तेवढं छापा ही विनंती.

आधीच सांगते, मी शॉर्ट ट्रेकच्या विरोधात नाही. नोकरीवाल्यांना, मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्यांना दोन दोन आठवडे कुठून मिळणार, आणि मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर गाईडसोबत हा ट्रेक केलाय, आयुष्यात जे काही चांगलं पाहिलं त्यात तो फार वर आहे. आपल्या माणसांनी तिथे जावंच. फक्त दिवस कुठले कापायचे आणि कुठले नाही एवढाच माझा मुद्दा आहे, कारण या ट्रेकमध्ये कापायला चालतील असे दिवस खाली आहेत आणि लोक कापतायत वरचे.

खालचे दिवस कसे कमी झाले ते बघा. पूर्वी पोखराहून गाडीने नयापूलपर्यंत जायचं, ते हजार-अकराशे मीटरवर आहे, आणि तिथून पायी घांद्रुकमार्गे छोम्रोंग गाठायचं, यातच दोन दिवस जायचे. आता रस्ता मोदी नदीच्या खोऱ्यात बराच वर गेलाय, जीप तुम्हाला झिनूच्या त्या लांबलचक झुलत्या पुलाजवळ सोडते आणि त्याच संध्याकाळी तुम्ही छोम्रोंगला, म्हणजे २१७० मीटरवर मुक्कामाला असता. घांद्रुकसारखं गुरुंग जमातीचं सुंदर गाव हुकतं याची हळहळ वाटते, पण तब्येतीच्या दृष्टीने यात फार काही बिघडत नाही, कारण एवढ्या उंचीवर बहुतेकांना उंचीचा त्रास होत नाही. म्हणजे रस्त्याने वाचवलेले दोन दिवस बिनधास्त वाचवा.

पण छोम्रोंगच्या वर रस्ता नाही आणि शरीरही तेच जुनं आहे. वरचे मुक्काम क्रमाने असे, बांबू २३१०, डोभान २६००, हिमालया नावाची हॉटेलांची वस्ती २९००, देउराली ३२००, मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प, ज्याला तिथे सगळे एमबीसी म्हणतात, ३७०० आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प, म्हणजे एबीसी, ४१३० मीटर. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये काय करतात, तर दुसरी रात्र हिमालयाला आणि तिसरी थेट एबीसीला. म्हणजे २९०० वर झोपलेला माणूस पुढच्याच रात्री ४१३० वर झोपतो, एका दिवसात १२३० मीटरची उडी. सहा दिवसांवाले एक रात्र देउरालीला देतात, तरी उडी ९३० मीटरची होतेच. आणि उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतायत की साधारण ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. दिवसा तुम्ही किती वर चढून आलात याला तेवढं महत्त्व नाही, रात्री कुठे झोपता याला आहे.

आता देउराली ते एमबीसी किती, बरोबर ५०० मीटर. एमबीसी ते एबीसी ४३० मीटर. ती एक रात्र एमबीसीला काढली की सगळं नियमात बसतं, आणि तरी अख्खा ट्रेक पोखरा ते पोखरा सात दिवसांत होतो, छोम्रोंग, डोभान, देउराली, एमबीसी, मग पहाटे उठून एबीसी करून त्याच दिवशी खाली डोभान किंवा बांबू, मग झिनू, आणि सातव्या दिवशी पोखरा. सात दिवस म्हणजे एक आठवडाच हो! ज्यांना एबीसीलाच झोपायचंय त्यांनी एक दिवस अजून वाढवावा.

उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण पटकन म्हणतो पण तसं नाही, प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, हवेचा दाब कमी होतो त्यामुळे एका श्वासात ऑक्सिजन कमी येतो, एबीसीला समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच मिळतो. त्याची सवय व्हायला शरीर श्वास वाढवतं, लघवी जास्त करतं, रक्तात बदल करतं, आणि हे सगळं तासाभरात होत नाही, त्याला रात्री लागतात. तुम्ही किती फिट आहात याचा याच्याशी संबंध जवळपास नाही. इथे आपल्या सह्याद्रीतल्या मंडळींचा मोठा गैरसमज होतो. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई पळत चढणारी पोरं म्हणतात आम्हाला काय होतंय. अरे कळसूबाई आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ते १६४६ मीटर, आणि छोम्रोंगला पहिल्या रात्री तुम्ही ज्या पलंगावर झोपता तो त्याच्यापेक्षा पाचशे मीटर वर आहे. सह्याद्रीने पाय तयार होतात, दम तयार होतो, त्याचा छोम्रोंगच्या पायऱ्यांवर खूप उपयोग होतो, पण उंचीची सवय सह्याद्रीत होऊच शकत नाही, तेवढी उंची आपल्याकडे नाहीच. उलट फिट माणूस भरभर चढतो म्हणून जास्त अडकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

झालं असं की आम्ही देउरालीला होतो आणि महाराष्ट्रातलाच दुसरा एक ग्रुप संध्याकाळी वरून खाली येताना भेटला, त्यांच्यात पंचविशीतला एक मुलगा होता, चांगला मॅरेथॉन वगैरे पळणारा. आदल्या दिवशी तो हिमालयाहून सगळ्यांच्या पुढे एबीसीला पोचला होता. रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, सोबतचे म्हणाले पित्त झालंय, पित्ताची गोळी दिली, कापराची पोटली हुंगायला दिली, सकाळी सूर्योदयाचे फोटोही काढले, आणि निघायच्या वेळी तो सरळ रेषेत चालेना. त्यांच्या नेपाळी गाईडने मग कुणाचं काही न ऐकता त्याला हाताला धरून खाली आणला. देउरालीला पोचेपर्यंत तो पुष्कळ बरा झाला होता, गरम सूप प्यायला, आमच्याशी बोलला. खाली उतरवणं हेच या आजाराचं खरं औषध आहे, तो गाईड मला अजून आठवतो, कारण चालताना तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते आणि तिथे अजून चार तास थांबले असते तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

म्हणून पित्ताचं नीट लिहिते, कारण ही आपली घरोघरची सवय आहे. डोकं दुखलं, मळमळलं की आपण पित्त म्हणतो आणि दूध नाहीतर गोळी घेतो. घरी ठीक आहे. पण ३००० मीटरच्या वर डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर, प्रचंड थकवा यातलं काही आहे तर ते उंचीमुळेच आहे असं धरूनच चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, बरं वाटलं तर उद्या बघायचं, वाढलं तर लगेच खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिट वाया घालवायचं नाही. कापूर हुंगून नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. टी हाऊसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या छोट्या लॉजमध्ये, लसणाचं सूप मिळतं ते जरूर प्या, चवीला फार छान असतं, पण ते औषध नाही. कोविडनंतर सगळ्यांकडे ऑक्सिमीटर आलेत आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कुणाचा आकडा किती याची चर्चा रंगते, त्या आकड्यावर फार जाऊ नका, आकडा चांगला आणि माणूस आजारी असं होऊ शकतं, माणसाकडे बघा. आणि डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्की विचारून घ्या, तिने सवय व्हायला मदत होते, पण त्रास होत असताना गोळी घेऊन वर चढायचं असा तिचा उपयोग नाही.

आता गाईडबद्दल. एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना एकट्याने, गाईडशिवाय ट्रेक करायला बंदी केली, ती चांगलीच गोष्ट आहे असं माझं मत आहे. पण आपल्याकडून जाणाऱ्या ग्रुपमध्ये दोन प्रमुख असतात, एक इथून गेलेला ग्रुप लीडर आणि एक तिथला गाईड, आणि वर गेल्यावर थांबायचं की जायचं हे कोण ठरवणार हे आधी कुणी बोलतच नाही. लीडरच्या डोक्यात काठमांडूचं परतीचं विमान असतं, लोकांनी भरलेले पैसे असतात, त्याच्यावर सगळ्यांना एबीसी दाखवायचं प्रेशर असतं. गाईड बिचारा पाहुण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प बसतो. तेव्हा पैसे भरायच्या आधी आयोजकांना सरळ विचारा, तब्येतीच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा? आणि एक माणूस आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली जायला दुसरा गाईड आहे का, का अख्खा ग्रुप त्याच्यासाठी खाली येणार, का त्याला एकट्याला पाठवणार? बारा-पंधरा जणांमागे एकच गाईड असेल तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका.

पोर्टरचंही तेच. आपली बॅग दुसरा माणूस वाहतो, त्यातले बरेचजण खालच्या गावांतले असतात, त्यांनाही उंची लागते, त्यांचंही डोकं दुखतं, पण रोजगार जाईल म्हणून ते बोलत नाहीत. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये तोच माणूस तीच उडी पाठीवर ओझं घेऊन मारतो. त्याला उबदार जॅकेट, बूट, विमा आहे का हे विचारायला आपल्याला संकोच वाटता कामा नये.

वरचे दिवस न कापायचं दुसरं कारण हिमस्खलनाचं, याबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं जातं. हिमालया ते एमबीसी हा पट्टा अरुंद घळीतून जातो, डाव्या अंगाला वर हिउंचुली आहे, ६४४१ मीटरचं, तिच्या उतारावरचा बर्फ वाटेवरून दिसतच नाही, तो डोक्यावर आहे हे कळतच नाही आणि सुटला की थेट वाटेवर येतो. १७ जानेवारी २०२० ला याच भागात चार कोरियन आणि तीन नेपाळी माणसं हिमस्खलनात गेली. ऑक्टोबरात सहसा एवढा बर्फ नसतो, पण मार्च-एप्रिलमध्ये असतो आणि परीक्षा संपल्या की आपल्याकडचे ग्रुप तेव्हाही जातात. हा पट्टा सकाळी लवकर, ऊन लागून बर्फ सैल व्हायच्या आत ओलांडायचा असतो, आणि धोका असेल तेव्हा नदीच्या पलीकडून दुसरी वाट घेतात. देउरालीला झोपलेला माणूस उजाडताच निघून हा भाग लवकर पार करतो. हिमालयाहून निघालेला आणि एका दिवसात एबीसी गाठायच्या नादातला माणूस तिथे पोचतो तेव्हा सूर्य वर आलेला असतो. म्हणजे दिवस कापल्याने इथेही धोकाच वाढतो.

हवामानाची खात्री ऑक्टोबरातही देता येत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाने दोनच दिवसांत अन्नपूर्णेच्याच दुसऱ्या बाजूला थोरोंग खिंडीच्या परिसरात एवढा बर्फ टाकला की ४० पेक्षा जास्त माणसं मेली, ऐन सीझनमध्ये. त्यामुळे एक दिवस राखीव ठेवा, अगदी शॉर्ट ट्रेकमध्येसुद्धा. पोखरा ते काठमांडू रस्त्यावरही घाई नको, २३ ऑगस्ट २०२४ ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस त्याच रस्त्यावर मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले, ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. ट्रेक संपवून त्याच रात्री गाडीने काठमांडू आणि पहाटेचं विमान असा प्लॅन कुणी देत असेल तर तो घेऊ नका.

आता त्या रात्रीने काय मिळतं तेही सांगते, नाहीतर माझं पत्र नुसतं घाबरवणारं वाटेल. त्या खोऱ्यात दुपारनंतर ढग भरतात. पाच दिवसांवाले दुपारी उशिरा एबीसीला पोचतात, समोर पांढरं धुकं, डोकं जड, जेवण जात नाही, झोप येत नाही, पहाटे अर्धा तास डोंगर बघायचे आणि पळत खाली. एमबीसीला थांबलं की तुम्ही दुपारीच पोचता, चहा घेऊन बसता, आणि संध्याकाळी ढग फाटले की मच्छापुच्छ्रे इतकं जवळ उभं दिसतं की बोलणं बंद होतं. या शिखरावर आजवर अधिकृतपणे कुणी पाय ठेवलेला नाही, १९५७ साली ब्रिटिश गिर्यारोहक माथ्यापासून अगदी थोडं खाली थांबून परत फिरले आणि नंतर नेपाळने तिथे चढाई बंदच केली, गुरुंग लोक त्याला पवित्र मानतात. मग पहाटे चारच्या सुमारास टॉर्च लावून निघायचं, चढ सावकाश आहे, दोनेक तासांत एबीसी, आणि बरोबर उजाडताना अन्नपूर्णा दक्षिण, हिउंचुली, गंगापूर्णा आणि समोर ८०९१ मीटरची अन्नपूर्णा, तिच्यावर पहिलं ऊन पडतं. आणि तेव्हा तुमचं डोकं दुखत नसतं! मी तिथे उभी राहून रडले आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईही रडत होत्या.

तिथे आपल्या ग्रुपमधली मुलं हमखास विचारतात की आपले मराठी गिर्यारोहक इथूनच चढले का. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचा संघ आणि साताऱ्याची प्रियांका मोहिते अन्नपूर्णा शिखरावर पोचले ते उत्तरेच्या बाजूने, १९५० साली मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल पहिल्यांदा चढले तेही उत्तरेनेच. आपण बघतो ती दक्षिण भिंत, १९७० मध्ये ख्रिस बॉनिंग्टन यांच्या मोहिमेतले डॉन व्हिलन्स आणि डुगल हॅस्टन तिच्यावरून माथ्यावर गेले. एबीसीला अनातोली बुक्रेव यांचं स्मारक आहे, १९९७ च्या नाताळात ते याच अन्नपूर्णेवर हिमस्खलनात गेले, हिमालयातला इतका ताकदीचा गिर्यारोहक. तिथे दोन मिनिटं थांबायला तरी वेळ हवा की नको?

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, यापुढे आपल्या पुरवणीत कुठल्याही बेस कॅम्प ट्रेकवर लेख आला, एबीसी असो की एव्हरेस्ट, तर त्यात प्रत्येक मुक्कामाची उंची मीटरमध्ये चौकटीत छापा, एवढ्या एका चौकटीवरून वाचक स्वतः वजाबाकी करून बघू शकेल. दुसरं, आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांना आणि उंचीवरच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना दिवाळीच्या आधी लिहायला सांगा, विशेषतः बीपी, शुगर, दमा असलेल्यांनी काय तपासून जावं याबद्दल, कारण आता साठीचे लोकही मोठ्या संख्येने जातायत.

आणि वाचकांना, विमा काढताना पॉलिसीत किती मीटर उंचीपर्यंत कव्हर आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च त्यात धरलाय का हे वाचून घ्या, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते. नेपाळच्या विमानाला १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पोखरा सोडायच्या आधी रोख पैसे काढून ठेवा. छोम्रोंगच्या वर प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकत नाहीत, आपली बाटली न्या आणि उकळलेलं पाणी भरून घ्या.

आपली नियमित वाचक,
सांगली